आबांची ब्रनो आणि के-हॉर्नेटचा बेत : एका रायफलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रावेर तालुक्यातलं केळीच्या बागांचं घर. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरातल्या आजोबांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या परवान्यावर ब्रनो कारखान्याची .२२ हॉर्नेट रायफल होती, मॉडेल झेडकेडब्ल्यू ४६५. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात बनू लागलेली ही रायफल. मोठ्या माउझर रायफलीच्या बोल्टचीच (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) रचना, पण हॉर्नेटच्या बारक्या काडतुसाच्या मापाने लहान केलेली. पाच काडतुसांचं सुटं मॅगझिन, बारीक नळी, वजनाला हलकी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आणता येईनाशी झाली. तेव्हापासून अशा रायफली एक तर वारशाने मिळतात, नाहीतर जुन्या परवानाधारकाकडून रीतसर हस्तांतर होऊन.

आबा गेले. वारस म्हणून नातवाने परवान्याचा अर्ज केला. त्याला इथे दादा म्हणू. कागद पुढे सरकेपर्यंत रायफल जमा होती आणि तो काळ बराच लांबला. दादांच्या नावावर आधीच एक १२ बोअरची छऱ्यांची बंदूक होती. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. म्हणजे ब्रनो ताब्यात आली की दादांचा कोटा संपला. तिसरी रायफल घेण्याचा विषयच उरला नाही. जे करायचं ते हिच्यावरच. पुढची बरीचशी धडपड या एका गोष्टीतून निघाली.

दादांचा मामेभाऊ अमेरिकेत नोकरीला आहे. घरात तो सगळ्यांत लहान, म्हणून धाकटा. तिथे तो रेंजवर नियमित जातो, उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या स्वतः पुन्हा भरतो, छोट्या काडतुसांचं त्याला मनापासून वेड आहे. मी नेमबाजी शिकवतो आणि दादा माझ्याकडे अधूनमधून सरावाला येतात, म्हणून सल्ल्यात मीही होतो.

अडचण

परवाना हातात पडल्यावर दादांनी परवानगीच्या रेंजवर ५० मीटरवर रायफल चालवून पाहिली. पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पसारा, चार इंचांपेक्षा मोठा आला. हॉर्नेट हे नेमकेपणासाठी नावाजलेलं काडतूस आहे, त्याच्याकडून एवढा फाफटपसारा अपेक्षित नव्हता. नळीतून पाहिलं तर आत काळवंडलेलं, आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा) पुसट. दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराने दिव्यासमोर धरून बघितलं आणि निकाल देऊन टाकला : नळी गेली, बदलावी लागेल.

त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर दोघा भावांचं बोलणं झालं. दादांचं म्हणणं साधं होतं, "भो, नळी बदलायचीच आहे तर मंग जुन्याच मापाची कायले? काहीतरी भारी बसवू ना!" धाकट्याला एवढं निमित्त पुरेसं होतं. त्याने वाइल्डकॅटची, म्हणजे हौसेने घडवलेल्या काडतुसांची, यादीच काढली.

अपेक्षाही दोन होत्या, आणि त्या एकमेकींत मिसळल्या होत्या. एक, रेंजवर १०० मीटरपर्यंत नेमका मारा. दुसरी, मक्यात आणि केळीत घुसणारी रानडुकरं. दादांच्या डोक्यात दोन्ही कामं एकाच रायफलीने व्हायची होती. मला सगळ्यात जास्त काळजी या दुसऱ्या अपेक्षेची वाटली.

पर्याय : काडतुसाच्या बाजूने

वाइल्डकॅट म्हणजे कुठलीही कंपनी तयार विकत नाही असं काडतूस. एखादी प्रचलित पुंगळी घ्यायची, तिची मान बारीक करायची किंवा खांदा पुढे सरकवायचा, त्या आकाराचं चेंबर (काडतूस बसतं ती नळीच्या मागची पोकळी) रायफलीत कोरायचं, आणि मग दर वेळी काडतूस स्वतः भरायचं. हौसेच्या कार्यशाळांतून निघालेली यातली काही काडतुसं पुढे बाजारातही आली. .२२-२५० कित्येक वर्षं वाइल्डकॅट होतं, १९६५मध्ये रेमिंग्टनने ते अधिकृतपणे आणलं. खुद्द हॉर्नेटची गोष्टही तशीच. १९२०च्या दशकात अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागाराभोवतीच्या जाणकारांनी जुन्या .२२ विंचेस्टर सेंटरफायरवरून ते घडवलं. विंचेस्टरने १९३०मध्ये त्याची काडतुसं विकायला काढली, तेव्हा या मापाची कारखान्यात बनलेली रायफल बाजारात आलेलीही नव्हती.

धाकट्याने तीन नावं पुढे केली.

पहिलं के-हॉर्नेट. लाइल किलबर्न यांनी १९४०च्या सुमारास हे केलं. हॉर्नेटच्या पुंगळीचं अंग निमुळतं असतं आणि खांदा उतरता. किलबर्न यांनी अंग सरळ केलं, खांद्याला धार आणली, त्यामुळे आत दारू थोडी जास्त मावते. ४५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक) गोळी तयार हॉर्नेटमधून सेकंदाला सुमारे २,६९० फूट जाते. के-हॉर्नेटमध्ये शे-दोनशे फूट वाढतात. आणखी एक फायदा हातभरणी करणाऱ्यालाच कळतो. हॉर्नेटची पुंगळी पातळ पत्र्याची, मारताना ताणली जाते आणि लवकर फाटते. सरळ अंगाची पुंगळी कमी ताणते, जास्त वेळा वापरता येते. यात नळी बदलायची गरज नाही. रीमर, म्हणजे चेंबर कोरायचं अवजार, फिरवून आहे तेच चेंबर मोठं करायचं. हॉर्नेटचं काडतूस चेंबरमध्ये बुडाच्या कडेवर टेकतं, त्यामुळे के-हॉर्नेटच्या चेंबरमधून तयार हॉर्नेट काडतूसही सुरक्षित उडतं आणि उडताना नव्या आकाराचं होऊन बाहेर पडतं. धाकट्याचा जोर यावरच होता. शिवाय चेंबरमधला वरवरचा गंजही रीमरने निघून जाईल, असं त्याचं गणित होतं.

दुसरं .१७ ॲकली हॉर्नेट. हॉर्नेटचीच पुंगळी, मान .१७ पर्यंत बारीक. २० ते २५ ग्रेनची चिमुकली गोळी, वेग ३,५०० फुटांच्या पुढे, झटका जवळपास नाहीच. पण नवी नळी लागणार. .१७ची नळी तांब्याने लवकर माखते, सफाईला वेगळी बारीक सळई लागते, आणि वारा असला की एवढी हलकी गोळी चांगलीच भरकटते. २०१२मध्ये हॉर्नडीने .१७ हॉर्नेट तयार काडतूस म्हणून आणलं. दिसायला दोन्ही भावंडं, पण मापं जुळत नाहीत; कंपनीचं काडतूस ॲकलीच्या चेंबरसाठी नाही. हे ठाऊक नसलेला माणूस इथे हमखास फसतो.

तिसरं .२० व्हारटार्ग. रेमिंग्टनने १९६३मध्ये आपल्या एक्सपी-१०० या बोल्टच्या पिस्तुलासाठी .२२१ फायरबॉल काढलं, त्याची मान .२०४ गोळीसाठी बारीक केली की हे होतं. कागदावर तिघांत सरस. पण फायरबॉलचं बूड .२२३च्या घराण्यातलं, हॉर्नेटच्या बुडापेक्षा मोठं. ब्रनोचा बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा), मॅगझिन सगळंच बदलावं लागेल. मग आबांच्या रायफलीतलं उरलं काय? दादांनी स्वतःच ते खोडलं.

चौथा पर्याय धाकट्याच्या यादीत नव्हता, तो मी मांडला : काडतूस हॉर्नेटच ठेवायचं आणि रायफल का पसरवते ते आधी शोधायचं.

पर्याय : कागदाच्या बाजूने

इथे चर्चेची दिशा बदलली. अमेरिकेत वाइल्डकॅटचा खर्च म्हणजे रीमर, डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) आणि वेळ. आपल्याकडे त्याआधी शस्त्र कायदा उभा राहतो.

१९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा बनवायला, बंदुकीचं रूपांतर करायला, दुरुस्ती किंवा प्रूफ चाचणी (बंदूक दाब सोसते का याची चाचणी) करायला मनाई करतं. ही कामं त्या-त्या कामाचा परवाना असलेल्यानेच करायची. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा, हा वेगळा. त्याहून महत्त्वाची आहे व्याख्या. कलम २ प्रमाणे 'दारूगोळा' या शब्दात काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भाग आणि शस्त्र बनवण्याची यंत्रसामग्री. म्हणजे धाकटा जे प्रेमाने सुटकेसमधून आणायला निघाला होता, ते डाय, रिकाम्या पुंगळ्या, चेंबरचा रीमर, यातलं काहीही 'नुसतं हत्यार-अवजार' म्हणून विमानतळावरून आणता येण्यासारखं नव्हतं. आयातीला कलम १०चा परवाना लागतो. त्याने रीमर तोवर विकत घेऊन ठेवला होता.

शिवाय परवान्यावर बोअर, म्हणजे बंदुकीचं माप, लिहिलेला असतो. चेंबर बदललं की कागदावरची रायफल आणि हातातली रायफल वेगळी होते. त्यासाठी आधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी, मग अधिकृत कारागीर, मग प्रूफ चाचणी. जास्त दाबाच्या चेंबरला ही चाचणी टाळून चालणारच नाही.

या देशात काडतुसाचं माप फार पूर्वीपासून कायद्याने ठरत आलंय. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारने भारतात .४५० बोअरवर बंदी घातली, तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७०, .५००/.४६५ अशी नवी मापं घडवली. .३०३ सैन्याचं म्हणून सामान्य माणसाला वर्ज्य राहिलं, त्यामुळेच .३१५ स्पोर्टिंग रायफल परवानाधारकांकडे सर्रास दिसते. आपल्याच जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४पासून आयुध कारखाना आहे, छोट्या शस्त्रांची काडतुसं तिथे बनतात. पण ती ५.५६ आणि ७.६२ची, सैन्याची. रावेरच्या परवानाधारकाला हॉर्नेटसाठी आयात मालाच्या जुन्या साठ्यातूनच काडतूस मिळवावं लागतं आणि तेही मोजून मिळतं.

निर्णय कुठे फिरला

हे सगळं समोर ठेवल्यावर के-हॉर्नेटचं गणित आपोआप उलटलं. त्याचा सगळा फायदा पुन्हा भरलेल्या पुंगळीत आहे. तयार हॉर्नेट काडतूस के-हॉर्नेटच्या चेंबरमधून उडवलं तर वेग वाढत नाही, उलट थोडा घटतो, कारण दाबाचा काही भाग पुंगळी फुगवण्यात जातो. दादांना घरी काडतूस भरता येणार नाही. म्हणजे परवानगीची खटपट करून, कारागिराला पैसे देऊन, आबांच्या रायफलीचं मूळ चेंबर कायमचं कोरून हातात काय पडणार होतं? तीच तयार काडतुसं, जरा कमी वेगाने. आणि चेंबरमधून कोरलेलं लोखंड परत भरता येत नाही.

धाकट्याने हे लगेच मान्य केलं नाही. "दादा, उद्या नियम बदलले तर?" असा त्याचा प्रश्न होता. मला दादांचं उत्तर आवडलं : "बदलतील तव्हा कोरू. आज कोरलं तर आजच फसलो."

दुसरा फिरण्याचा बिंदू रानडुकरांचा. हॉर्नेटची ४५ ग्रेनची गोळी बारीक प्राण्यांसाठी आखलेली, आदळताच फुटणारी. डुकराच्या खांद्याच्या जाड चामडीवर आणि हाडावर ती पुरेशी आत जात नाही. जनावर जखमी होऊन पिकात शिरतं आणि मग शेतावरच्या माणसांच्या जिवावर बेततं. के-हॉर्नेटच्या वाढीव शे-दोनशे फुटांनी यात काही फरक पडत नाही. .१७ तर या कामाला त्याहून नालायक. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार बंद आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कलम ११खाली अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच काही करता येतं, आणि ते त्या परवानगीच्या अटींतच. शेतात घुसलं म्हणून बंदूक उचलली, असं चालत नाही. त्यामुळे डुकराचा प्रश्न आम्ही रायफलीच्या चर्चेतून पूर्ण बाहेर काढला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. तो बाहेर पडल्यावर रायफलीकडून एकच मागणी उरली, रेंजवरच्या कागदी लक्ष्यावर नेमका मारा, आणि ती मागणी हॉर्नेट मूळ रूपात पुरी करू शकतं.

काय केलं

नळी खरोखर गेली आहे का, हे अजून कोणी तपासलंच नव्हतं. दिव्यासमोर धरून पाहणं म्हणजे तपासणी नाही. दादा रायफल घेऊन एका जुन्या, परवानाधारक कारागिराकडे गेले. म्हातारबाबांनी बोल्ट काढून रायफल मेजावर आडवी ठेवली, खिशातून दहाची नोट काढली आणि नळी व कुंद्याच्या मधल्या फटीत सरकवली. तोंडाच्या बाजूने नोट दोन बोटं गेली आणि अडकली. नळी लाकडाला न टेकता मोकळी असेल तर ती चेंबरजवळपर्यंत जाते. पावसाळ्यांत कुंद्याचं लाकूड फुगलं होतं आणि एका बाजूने नळीला रेटत होतं. नळी तापली की रेटा बदलतो, गोळी दर वेळी वेगळ्या जागी. "नळीले कायले शिव्या देता भाऊ, पहिले लाकूड पाहा," ते म्हणाले.

मग सफाई. तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण नळीत लावून ठेवलं आणि थोड्या वेळाने फडक्याची चिंधी ओढली, तर ती गर्द निळी बाहेर आली. दुसरी निळी, तिसरी निळी. कित्येक वर्षांचं तांबं आणि जळकी दारू थरावर थर बसली होती. हे काम एका बैठकीत संपलं नाही. द्रावण लावायचं, थांबायचं, चिंधी ओढायची, कोरडं करून तेल लावायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चिंध्या पांढऱ्या यायला लागल्यावर आटे दिसले. चेंबरच्या पुढे थोडे गंजाचे खड्डे होते, बाकी आटे धारदार. नळीच्या तोंडाशी, जिथून गोळी सुटते त्या कडेला, एक बारीक खरचटा होता. बहुधा लोखंडी सळईने तोंडाकडून केलेल्या सफाईचा. ती कड कारागिराने दुरुस्तीच्या परवान्यात बसेल तेवढीच सरळ करून घेतली. कुंदा आतून घासून मोकळा केला, लाकडाला आतून-बाहेरून जवसाचं तेल पाजलं, रिसीव्हरचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रू सारखे आवळले. दुर्बिणीच्या माउंटचा एक स्क्रू ढिला निघाला, तोही बसवला.

काडतुसं दोन वेगवेगळ्या लॉटची, वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्यांची मिसळलेली होती, ती निवडून वेगळी केली. हॉर्नेटच्या जुन्या नळ्यांत आट्यांचा पीळ सावकाश असतो, सोळा इंचांना एक फेरा. त्या ३५ ते ४५ ग्रेनच्या आखूड गोळ्यांना सांभाळतात, त्याहून लांब गोळी डगमगते.

परिणाम

५० मीटरवर पहिल्यांदा चार इंचांच्या वर पसरणाऱ्या रायफलीने एकाच लॉटच्या ४५ ग्रेन गोळ्यांचा ग्रुप इंचभरात आणला. १०० मीटरला दोन इंचांच्या जरा वर. चेंबरपुढचे खड्डे आहेत तिथे आहेत, त्यामुळे तांबं लवकर साचतं आणि सफाई थोडी लवकर करावी लागते. स्पर्धेची रायफल ती झाली नाही, होणारही नव्हती. रेंजवर सरावाला मात्र ती आता भरवशाची आहे.

केळीच्या बागेला सौर कुंपण बसलं. डुकरं पूर्ण थांबली असं नाही, पण मक्याच्या बाजूचं नुकसान कमी झालंय. जिथे कुंपणाखाली नाल्यातून वाट आहे तिथे काम बाकी आहे.

धाकट्याकडे के-हॉर्नेटचा रीमर पडून होता. त्याने तिथे स्वतःची सीझेड ५२७ .२२ हॉर्नेट घेतली, जी आबांच्या ब्रनोच्याच रचनेची पुढची पिढी, आणि तिचं चेंबर गनस्मिथकडून के-हॉर्नेटचं करून घेतलं. त्याच्या जागी तो निर्णय बरोबर आहे. पुंगळ्या मिळतात, डाय मिळतात, भरायला मुभा आहे, नवी रायफल आहे, आणि वाटेल तेव्हा दुकानातलं तयार हॉर्नेटही चालतं. .१७ त्याने सोडलं, कारण त्याच्या रेंजवर वारा फार.

वेगळं काय करता आलं असतं

रीमर सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू. इथे ती पहिली घेतली गेली, आणि ती हातात आल्यावर दोघा भावांचं बोलणं 'करायचं का' वरून 'कधी करायचं' वर घसरलं. धाकट्याने आधी परवान्याची प्रत मागवून बोअरची नोंद पाहिली असती, तर कॉल्सचे कितीतरी तास वाचले असते.

पहिल्या कारागिराचं निदान तपासून घ्यायला हवं होतं. बोरस्कोप (नळीच्या आत पाहायचं उपकरण) आता फार महाग राहिलेला नाही. तो नसला तरी नोटेची परीक्षा आणि तांब्याची सफाई यांना वेळ सोडून खर्च नाही. रायफल पसरवते तेव्हा आधी स्क्रू, मग कुंदा, मग तोंडाची कड, मग सफाई, मग काडतुसांचा लॉट, आणि हे सगळं झाल्यावरच नळी, हा क्रम पाळला असता तर नळी बदलायचा विषय निघालाच नसता.

वारस परवान्याच्या काळात रायफल जमा करण्याआधी तिला नीट तेल-ग्रीस लावून, कोरड्या कापडात गुंडाळून द्यायला हवी होती. जमा केलेली बंदूक मधल्या काळात तपासून घेता येते का, हे अर्ज करून विचारता येतं. खान्देशातला उन्हाळा लाकूड वाळवतो, पावसाळा फुगवतो, आणि अशा दोन-चार फेऱ्यांत आबांच्या हातची देखभाल वाहून गेली. निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करतानाही हेच लागू आहे.

दादा आता प्रत्येक लॉट वेगळ्या डब्यात ठेवतात आणि डब्यावर पेनने गोळीचं वजन लिहितात. पुढच्या वेळी विक्रेत्याकडे काडतुसं आली तर ४५ ग्रेनचीच, आणि शक्य असेल तेवढी एकाच लॉटची घ्यायची, असं त्यांनी त्याला सांगून ठेवलंय.